‘तरवा’ पुसू नका

मार्गासनीच्या एसटी थांब्यावर गेल्या पावसाळ्यात एका मुलानं त्याची वही वाचायला दिली. भातलावणीवरची कथा होती. घरी तो ‘तरवा’ म्हणतो. कथेत त्यानं ‘रोपे’ लिहिलं होतं. इरल्याची छत्री झाली होती आणि आजी बातम्या वाचल्यासारखी बोलत होती. असं का, विचारलं, तर म्हणाला, ‘‘सर, पुस्तकात शुद्धच लिहायला लागतं ना?’’

नाही लागत. या समजुतीपायी किती वह्या मिटून गेल्या असतील, या विचारानं जीव तुटतो. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आलं. त्यातली माणसं त्यांच्याच गावाकडची होती आणि त्यांच्याच बोलीत बोलत होती. शाळा तर माडगूळकरांचीही अर्धवट राहिली होती.

मार्गासनीहून साखर-गुंजवण्याकडं वळलं की राजगड समोर येतो. या गडावर गो. नी. दांडेकर पुन्हा पुन्हा आले. तेराव्या वर्षी घर सोडलेला हा माणूस गडाखालच्या लोकांच्या चुलीशी बसला, त्यांचं बोलणं कानात साठवत राहिला. ‘वाघरू’ ही कादंबरी त्यातूनच आली. १९७६ साली ‘स्मरणगाथा’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही पायपिटीच्या आठवणींना. गोनीदांना जे ऐकण्यासाठी डोंगर चढावा लागला, ते तुमच्या ओट्यावर रोज बोललं जातं.

लिहून झालं की मोठ्यानं वाचा, तेही आजीसमोर. ‘मी असं कुठं म्हणते?’ असं ती म्हणाली, तर ती ओळ खोडा. मग आठ दिवस वही बंद ठेवा आणि पुन्हा लिहा. दिवाळी अंकाला कथा द्यायची तर जूनपर्यंत पाठवा. गणपतीत पाठवलेल्याला बहुधा जागा उरत नाही. नक्कल मात्र जवळ ठेवा. परत आली तर दुसऱ्या अंकाला द्या.

आणि पुस्तकासाठी पैसे भरू नका. हे मी पोळून सांगतो आहे. माझ्या पहिल्या संग्रहासाठी मी एका प्रकाशकाला पैसे दिले. प्रतींचे गठ्ठे घरी आले, दुकानात एकही प्रत गेली नाही. भाताच्या पैशातून असं पुस्तक काढायला निघालेली मुलं मला भेटतात. त्यांनी आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडं चौकशी करावी. ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही, अशा लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हस्तलिखित तपासलं जातं, नाकारलंही जातं. पण घरचं भात विकावं लागत नाही.

त्या मुलाला मी वही परत दिली ती पेन्सिलीच्या एकाच खुणेसह: ‘रोपे’ खोडून ‘तरवा’. बाकीचं तुझं तू बघ, म्हटलं. तुमच्याही वहीत असा शब्द पुसलेला असेल, तर आज रात्री तो परत लिहा.