दारू पिणारा गुप्तहेर आणि आपले पुस्तकांचे कपाट

दारुड्या गुप्तहेराच्या कादंबऱ्या ख्रिस्ती घरात येऊ नयेत, असा आग्रह अलीकडे आमच्या कानी वारंवार पडतो. सोनपेठच्या एका तरुणाला आम्ही रेमंड चँडलरची इंग्रजी कादंबरी वाचावयास दिली, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी विचारले, ‘‘फादर, रहस्यकथाच द्यायची तर बाबूराव अर्नाळकर काय वाईट?’’

अर्नाळकरांशी आमचे भांडण नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून त्यांनी साध्या माणसाला वाचनाची गोडी लावली. हे ऋण आपल्या समीक्षकांनी फार कंजूषपणे मान्य केले. परंतु धनंजय वा झुंझार यांच्या संगतीत रात्र जागविताना वाचकाला स्वतःच्या मनात डोकावण्याची वेळ येत नाही. गुन्हेगार नेहमी दुसराच कोणी असतो.

चँडलरचा फिलिप मार्लो निराळा आहे. १९३९ च्या ‘द बिग स्लीप’मध्ये अवतरलेला लॉस एंजेलिसचा हा खासगी गुप्तहेर दिवसाला २५ डॉलर आणि वरखर्च यांवर राबतो. तो पितो, एकटा राहतो, तिखट जिभेने माणसे दुखावतो. तोच १९५३ च्या ‘द लाँग गुडबाय’मध्ये मित्राविषयी पोलिसांपुढे तोंड उघडण्यापेक्षा कोठडी पत्करतो. त्या मित्राने पाठविलेली ५,००० डॉलरची नोट तो मोडत नाही, अखेर ती परत करतो.

आक्षेपामागची व्यथा आम्हांस परकी नाही. ऊसतोडीची उचल हाती पडताच गुत्त्याकडे वळणारी पावले मराठवाड्यात कोणी पाहिली नाहीत? पण अशा घरातील मुलाला दारूची ओळख कादंबरी करून देते काय? ती त्याला पाळण्यापासून आहे. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की पिणाऱ्या माणसातही दिला शब्द न मोडणारा कोणी जिवंत असू शकतो. हे कळल्याने बापाचा अपराध धुतला जात नाही, मात्र मुलाचा द्वेष थोडा सैल होतो.

आणि निष्कलंकतेचाच हट्ट असेल, तर हेच पालक कौतुकाने बक्षीस देतात त्या शेरलॉक होम्सचे काय? १८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये तो कोकेन टोचून घेतो. त्याला मात्र कोणी घराबाहेर काढले नाही! रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले. गुप्तहेराने स्वतः गुन्हा करू नये, हा त्यांतील एक. तो निर्व्यसनी असावा, असा नियम त्यांत नाही. चेस्टरटन १९२२ मध्ये कॅथलिक झाले. त्यांचा फादर ब्राउन तर १९२७ च्या एका कथेत सांगतो, की खुनी त्याला सापडतो तो आधी मनाने स्वतः तो खून केल्यामुळे. पापनिवेदन ऐकणाऱ्या कोणाही धर्मगुरूला यात नवल वाटणार नाही.

संस्कार देणारा पापी असला तर संस्कारच फोल, असे डोनाटसपंथीय म्हणत. संत ऑगस्टिनने त्यांच्याशी वर्षानुवर्षे वाद घातला. गुप्तहेर काही धर्मगुरू नव्हे. तरी शुद्ध हातांशिवाय सत्य उचलताच येत नाही, ही समजूत त्याच कुळातील आहे. ग्रॅहम ग्रीनने १९४० मध्ये दारू पिणारा धर्मगुरू नायक केला, त्याबद्दल काही वर्षांनी रोमच्या होली ऑफिसने नापसंती कळविली होती. पुढे १९६५ मध्ये खुद्द पोप सहावे पॉल यांनी ग्रीनला भेटीत सांगितले, की काही कॅथलिकांना ते लेखन खुपणारच, त्याची फिकीर करू नये. वर्षभराने निषिद्ध ग्रंथांची सूचीही कायद्याचे बळ गमावून बसली. रोमने सोडलेले काम सोनपेठेत आपण का अंगावर घ्यावे?

ज्या कादंबऱ्यांत पेला केवळ नायकाच्या रुबाबासाठी असतो आणि सकाळी त्याची किंमत कोणीच मोजत नाही, त्या आम्हीही देणार नाही. आक्षेप घेणाऱ्या पालकांनी ‘द लाँग गुडबाय’ आधी स्वतः वाचावी. इंग्रजीची अडचण असेल त्यांनी ती मुलाकडून ऐकावी, जमल्यास संध्याकाळी, दारूचा विषय ज्या घरात आजवर कोणी काढला नाही त्याच घरात बसून.