ड्रायरचा आकडा खरा आहे का?

परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन ड्रायरमध्ये टाका लागते. पण घरच्या बियाण्याला हवा ४० अंशांच्या वर नको. सेन्सरनं आकडा कमी दाखवला तर हीटर चालूच राहतो, उगवण मरते अन् ते कळते थेट जूनमधी.

म्हणून माझं मत, पॅनल बदलण्याआधी सेन्सर तपासा. मेन स्विच बंद करून वायरी सोडवा. पीटी-१०० असेल तर वेगवेगळ्या रंगाच्या दोन वायरींवर मल्टीमीटर लावा. बर्फाच्या पाण्यात साधारण १०० ओहम, उकळत्या पाण्यात १३८ आला पाहिजे. फरक जास्त दिसला तर त्याच प्रकारचा नवीन बसवा.

अन् गटाच्या ड्रायरला दुसरा, वेगळा थर्मामीटर असलाच पाहिजे. तुमच्या गटात सेन्सर शेवटी कधी तपासला?