पांढऱ्या पाठीची मनोली

उर्दू-हिंदीत जिला आपण मुनिया म्हणतो, तिचे मराठी नाव मनोली. हिच्या अनेक जाती आहेत. जत-आटपाडीच्या कोरड्या माळावर दिसते ती मातकट रंगाची, पांढऱ्या गळ्याची. पांढऱ्या पाठीची मनोली मात्र रानाच्या कडेला राहणारी. साताऱ्याकडे कोयनेचा परिसर आणि सांगलीकडे शिराळ्याहून चांदोलीला जाताना लागणारा डोंगराळ भाग तिला मानवतो. विरळ झाडी, झुडपे आणि मध्ये मोकळे गवत, एवढे तिला पुरते.

ही चिमणीपेक्षा लहान, जेमतेम १० ते ११ सेंटीमीटर. डोके, गळा व छाती गडद तपकिरी, पोट पांढरे, चोच आखूड व जाड, शेपटी काळी टोकदार. उडाली की शेपटीच्या वरची पांढरी पट्टी चटकन दिसते. नर-मादी सारखेच दिसतात.

ती थव्याने राहते आणि गवताचे बी खाते. पावसाळ्यात गवत वाढले की नर-मादी मिळून झुडपात किंवा लहान झाडावर गवताचे चेंडूसारखे गोल घरटे बांधतात. दार एका बाजूला, आत मऊ गवताचे अस्तर. अंडी पांढरी, बहुधा पाच-सहा. ती दोघेही उबवतात. पिल्ले उडू लागली तरी रात्री सगळे कुटुंब त्याच घरट्यात झोपायला येते. म्हणून झुडपातले घरटे रिकामे वाटले तरी काढू नये.

“मुनिया पाळली तर चालेल का?” असे वर्गात मुले हमखास विचारतात. दुकानात ‘बेंगाली फिंच’ मिळतात. त्या या मनोलीच्याच वंशातल्या, पण जपानमध्ये अडीचशेहून अधिक वर्षे पिंजऱ्यातच वाढवलेल्या. बहुतेकींच्या अंगावर पांढरी-तपकिरी ठिगळे असतात. रानातली मनोली पकडणे, विकणे किंवा पाळणे हा मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाजारात हिरव्या-पिवळ्या रंगाने रंगवलेल्या मुनियाही विकायला येतात. तो रंग धुतला की जातो आणि खाली रानातून धरून आणलेला पक्षी निघतो.

अशा पक्ष्याची कीव येऊन त्याला विकत घेऊन सोडले, तरी विकणाऱ्याच्या हाती पैसे पडतात आणि तो पुन्हा जाळे लावतो. त्यापेक्षा वनखात्याला कळवावे. मुलांना मुनिया दाखवायचीच असेल, तर पावसाळा सरल्यावर सकाळी रानाच्या कडेला न्यावे. बी धरलेल्या गवतावर थवा उतरतोच.