मंगळावर मिट्टी कुठे देणार?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या पुतणीने यंदा ‘मंगळावरची वस्ती’ हा विषय घेतला आहे. ती नववीत शिकते. गेले पंधरा दिवस रिठदच्या आमच्या घराच्या ओसरीवर थर्माकोल, फेविकॉल, दह्याचे रिकामे डबे आणि जुन्या लग्नपत्रिकांचा चमकी कागद यांचा पसारा पडलेला आहे. प्लास्टिकच्या वाट्या उपड्या घालून घुमट झाले, चमकी कागदाचे सोलर पॅनल झाले, आणि मंगळाच्या तांबड्या मातीसाठी विटांचा भुगा पिठाच्या चाळणीने चाळला गेला. त्या चाळणीवरून घरात जे काही झाले ते इथे लिहीत नाही.

परवा जेवणे आटोपल्यावर तिने सगळ्यांना बोलावून वस्ती दाखवली. हे राहायचे घर, हा दवाखाना, ही शाळा, इथे भाजीपाला. अम्मींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “सगळं हाय बेटा, पन कबरस्तान कुठं हाय? तिथं माणूस मेला तं मिट्टी कुठं देणार?”

सगळे हसले, आम्हीही हसलो. पुतणी मात्र हसली नाही. तिने वही काढून दादीचा प्रश्न लिहून घेतला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आमच्या लक्षात आले की हसण्यासारखे त्यात काही नव्हते. यान कधी सुटणार, किती महिन्यांत पोचणार, कोण पहिला पाऊल ठेवणार, याच्या बातम्या रोज येतात. पण नुसते पोचल्याने गाव वसत नाही. जिथे लेकरू जन्मते, आजारी माणसाची रात्रभर उशाशी बसून काळजी घेतली जाते, म्हातारे माणूस जाते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटते, ते गाव. या मापाने मोजले तर मंगळ अजून फार लांब आहे.

हवेपासूनच पाहा. मंगळावर हवा आहे, पण पृथ्वीच्या हवेच्या दाबाच्या एक टक्काही तिचा दाब भरत नाही, आणि तीही बहुतेक सगळी कार्बन डायऑक्साइड. ‘पर्सिव्हरन्स’ या अमेरिकी गाडीवर त्या हवेतून प्राणवायू काढणारे एक छोटे यंत्र बसवले होते. २०२१ ते २०२३ या काळात ते सोळा वेळा चालवले आणि सगळा मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू तयार झाला. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे दोन वर्षांची ती कमाई एका माणसाला साडेतीन तास पुरली असती. यंत्र लहान होते आणि हे करता येते एवढेच त्याला दाखवायचे होते, हे खरे. पण आपण दिवसरात्र छातीत भरून घेतो त्या नेमतेचा हिशेब कधी केला आहे का, हेही त्या आकड्याने विचारले.

पाणी मंगळावर बर्फाच्या रूपात आहे. २००८ साली ‘फिनिक्स’ यानाने ते जमीन उकरून पाहिले. तिथे राहणाऱ्यांना मात्र एकेक थेंब फिरवून फिरवून वापरावा लागेल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आजही तेच चालते. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळे गोळा करून शुद्ध करतात, आणि २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. हे ऐकून अम्मींनी पदर नाकाला लावला. त्या पाण्याच्या पाकीचा मसला आपण उलेमांवर सोडू. मे महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा आम्हीही भाजी धुतलेले पाणी झाडाला आणि झाडाखालून निथळलेले कोंबड्यांना असे करतोच, पण ९८ टक्क्यांच्या जवळपासही आम्ही नाही.

आता मातीचे सांगतो, कारण या विषयावर शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांत जास्त चर्चा झाली. रिठदहून रिसोड आणि रिसोडहून लोणार, ही आमच्या भागातल्या शाळांची ठरलेली सहल. उल्का आदळून बेसाल्टच्या काळ्या खडकात पडलेला तो खळगा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. चंद्र आणि मंगळ यांचा पुष्कळसा भाग अशाच बेसाल्टचा असल्याने तिथल्या खळग्यांशी ताडून पाहायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते, ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. आमच्या शेतातली काळी मातीही त्याच खडकाची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याचा खडक झिजून ती तयार झाली. पुतणीचा सवाल सरळ होता: “चाचा, खडक एकच असेल तर मंगळावर सोयाबीन का नाही येणार?”

उत्तर तोंडी देण्यापेक्षा आम्ही गिट्टीखदानीवरून पिशवीभर चुरी आणली. एका डब्यात चुरी, दुसऱ्यात शेतातली माती, दोन्हींत मेथी पेरली, पाणी सारखेच घातले. चुरीतली मेथी मातीतल्या मेथीच्या बरोबरीने उगवली तेव्हा पुतणी जिंकल्यासारखी नाचली. बी आपली शिदोरी बरोबर घेऊन येते, तेवढ्यावर पहिली पाने निघतात. दहाव्या-बाराव्या दिवशी चुरीतली पाने पिवळी पडू लागली, आणि पाणी मारून मारून चुरी प्लास्टरसारखी घट्ट बसली. खडकाचा भुगा म्हणजे माती नाही. त्यात कुजलेला पालापाचोळा नाही, शेण नाही, गांडूळ नाही, मुळांना नत्र पुरवणारे जिवाणू नाहीत. आमची काळी माती घडायला पाऊस, गवत, किडे-मुंग्या आणि न मोजता येणाऱ्या वर्षांची मेहनत लागली आहे. मंगळाच्या मातीत वर परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, जे माणसाच्या थायरॉइडला बाधतात. आधी ते धुऊन काढायचे, मग शेती.

प्रयोग मोठ्या जागीही झाले आहेत. २०२२ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या मातीत मोहरीच्या कुळातले एक रोप वाढवून पाहिले. ते उगवले, पण खुरटे राहिले. त्याआधी २०१९ च्या जानेवारीत चीनच्या ‘चांग-अ ४’ यानाने चंद्रावर नेलेल्या एका बंद डब्यात कापसाचे बी अंकुरले. चंद्रावर उगवलेले हे पहिले रोप. मग तिथली दोन आठवड्यांची रात्र आली आणि ते थंडीने मेले. कापूस उगवला आणि मेला, ही बातमी विदर्भाच्या माणसाला काही नवी नाही. फक्त गाव वेगळे. आपले शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत अंतराळ स्थानकावर अठरा दिवस राहिले, तेव्हा त्यांनीही मेथी आणि मूग अंकुरवून पाहिले होते. हे कळल्यावर आमच्या डब्यांचा घरातला मान एकदम वाढला.

हे सगळे सोपे असते तर पृथ्वीवरच जमले असते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर-२’ नावाचे काचेचे बंद घर बांधले होते. आत तीन एकरांहून थोडी जास्त जागा, त्यात छोटे जंगल, छोटा समुद्र आणि शेत. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये आठ माणसे दोन वर्षांसाठी आत गेली. बाहेरून काहीही घ्यायचे नाही असे ठरले होते. हळूहळू आतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून साडेचौदापर्यंत उतरला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. कारण शोधले तर शेतात घातलेली माती फार कसदार होती, तिच्यातले जिवाणूच प्राणवायू खात होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड भिंतींचे काँक्रीट शोषून घेत होते. माणसे सगळी वाळली, आपसांत दोन तट पडले. आणि हे दार उघडले की बाहेर येता येईल अशा ठिकाणी. मंगळाला जायला सात महिने लागतात आणि निघण्याची योग्य वेळ २६ महिन्यांतून एकदा येते.

शरीराचे हाल वेगळेच. वजनरहित अवस्थेत हाडे महिन्याला साधारण एक टक्का झिजतात, म्हणून अंतराळवीर रोज दोन तास व्यायाम करतात. मंगळावर वजन आहे, पण इथल्या ३८ टक्के. क्विंटलभराचे पोते तिथे ३८ किलोसारखे उचलता येईल, हमालांची चंगळ! पण अशा वजनात वर्षानुवर्षे राहून माणसाचे काय होते, हे कोणी राहून पाहिलेले नाही. किरणोत्साराचे म्हणाल तर पृथ्वीवर आपल्याला वर्षभरात सरासरी जेवढा मिळतो तेवढा मंगळाच्या उघड्यावर साधारण चार दिवसांत मिळतो. त्यावर उपाय म्हणजे घरावर जाड मातीचा थर घेऊन राहणे. अम्मी म्हणाल्या, “म्हंजे जितेपनीच मातीखाली.”

आजवर एकही बाळ पृथ्वीबाहेर जन्मलेले नाही. तिथल्या वजनात वाढलेल्या पोराची हाडे पृथ्वीचा भार पेलतील का? कदाचित त्याला आजोळी येताच येणार नाही. मोठ्यांनी आपल्या मर्जीने जाणे वेगळे, पण तिथे जन्मणाऱ्या लेकराला कोणी विचारले? या एका गोष्टीसाठी आम्ही वस्तीच्या घाईच्या बाजूचे नाही. संशोधन जरूर व्हावे. आपले मंगळयान सुमारे ४५० कोटींत २०१४ साली मंगळाच्या कक्षेत पोचले, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. मात्र माणसे पाठवण्याची घोषणा करणाऱ्यांनी जन्म आणि मृत्यूचा हिशेब आधी मांडावा.

तो हिशेब थोडाफार मांडायचा प्रयत्न झालेला आहे, हे वाचून आम्ही चकित झालो. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये, रमजानच्या अखेरीस, मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकोर अंतराळ स्थानकावर गेले आणि ईदही त्यांनी तिथेच केली. त्याआधी मलेशियाच्या उलेमांनी आणि शास्त्रज्ञांनी बसून मार्गदर्शिका तयार केली. स्थानक दिवसात सोळा वेळा पृथ्वीभोवती फिरते, मग नमाजाच्या वेळा कुठल्या? जिथून यान सुटले तिथल्या. किब्ला? जमेल तर काबा, नाही तर पृथ्वीची दिशा, तेही नसेल तर कुठेही. पाणी नसेल तर तयम्मुम. आणि मृत्यू? मय्यत शक्यतो पृथ्वीवर आणून दफन करावी, अगदीच अशक्य असेल तर थोडक्यात विधी करून तिथेच. तिथेच म्हणजे कसे, ते त्यात सांगितलेले नाही.

अम्मींना हे वाचून दाखवले. त्या गप्प झाल्या. त्यांचा प्रश्न कुठून आला होता हे आम्हाला ठाऊक होते. आमचे मामू, त्यांचे धाकटे भाऊ, ड्रायव्हर म्हणून रियाधला गेले आणि तिथेच वारले. तेव्हा घरात फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे निरोप आला तोवर मिट्टी होऊन गेली होती. अम्मींनी भावाची कबर आजवर पाहिलेली नाही. फातिहा इथूनच पढतात. रियाधला आज फोन लगेच लागतो. मंगळाहून निघालेला शब्द पृथ्वीवर यायला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त बावीस मिनिटे लागतात. ‘अम्मी, बरी आहेस ना?’ एवढे विचारून उत्तर मिळेपर्यंत पाऊण तास जाऊ शकतो. शंभर वर्षांत मंगळावर शहर वसवण्याचा संकल्प संयुक्त अरब अमिरातीने २०१७ मध्ये जाहीर केला आणि २०२१ मध्ये त्यांचे यान मंगळाभोवती फिरूही लागले. ज्या मुलुखात आमच्या भागातली पोरे पोटासाठी जातात, तिथलेच लोक उद्या आणखी पुढे निघाले तर त्यांच्याही आयांना हाच प्रश्न पडेल.

पुतणीने यावर दादीशी दोन दिवस खल केला. मंगळाचा दिवस २४ तास ४० मिनिटांचा, त्यामुळे पाच नमाजा बसतात, पण वर्ष ६८७ दिवसांचे आणि चंद्र दोन, त्यातला फोबोस आठ तासांच्या आत एक फेरी मारतो. मग ईदचा चाँद कोणता धरायचा? अम्मींचे मत पडले की चाँद आपलाच धरायचा, रिठदहून फोन करून कळवता येईल. कबरस्तानासाठी पुतणीने थर्माकोलचा एक कोपरा मोकळा सोडला आहे. किब्ला दाखवायला वर दोऱ्याने निळा कंचा टांगायचा ठरवले होते, पण पृथ्वी आकाशात सरकत राहणार आणि कबर तर एकदाच खोदायची, हे लक्षात आल्यावर तो कंचा सध्या फळीवर ठेवला आहे.

तिसरा डबा मागच्या जुम्म्याला भरला. त्यात निम्मी चुरी, निम्मे शेणखत, आणि शेतातली मूठभर माती विरजणासारखी. अम्मी वजूचे पाणी एका भांड्यात धरून त्या डब्यात ओततात. प्रदर्शनाला अजून नऊ दिवस आहेत. आज सकाळी पाहिले तेव्हा दोन दाणे फुटले होते.