शाळांतून आशियाची ओळख

आमच्या हायस्कुलांतील दहावीच्या विद्यार्थ्यास नेपोलियन कोण होता असें पुसलें, तर तो दोन वाक्यें तरी बोलेल. कोरियाचा राजा सेजोंग कोण, असें पुसतांच त्याचें तोंड मिटतें. सामान्य रयतेस लिहितां-वाचतां यावें म्हणून ज्यानें नवी सोपी लिपि १४४६ सालीं प्रसिद्ध केली, त्याचें नांवही कानीं पडूं नये, यांत दोष मुलांचा नव्हे. आम्ही स्वतः ‘वकील’, ‘फिर्याद’, ‘दस्तऐवज’ हे शब्द कोर्टांत नित्य उच्चारीत आलों. ते अरबस्तान-इराणांतून आले, हें आम्हांस शाळेंत कोणीं सांगितलें नाहीं!

कोणी म्हणेल, अभ्यासाचा भार आधींच जड आहे. परंतु नवें पुस्तक कोण मागतो? वरच्या वर्गांनीं आठवड्यास एक तास एकच प्रश्न घेऊन बसावें. सर्व मुलांनीं शाळेंत गेलें पाहिजे, असा हुकूम जपानी सरकारनें १८७२ सालीं काढला. नव्या ओझ्यानें चिडलेल्या शेतकऱ्यांनीं कित्येक ठिकाणीं शाळा जाळल्या. तरी काम थांबलें नाहीं. आमच्या गोखल्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल १९११ सालीं आणलें, तें १९१२ सालीं फेटाळलें गेलें. बडोद्याचें संस्थान व कांहीं प्रांत सोडले, तर शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशभर झाला तो २००९ सालीं. परकी सत्ता आडवी आली हें खरें. पण १९४७ नंतरच्या ६२ वर्षांचा जाब कोणास पुसावा? हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलास पडला, तर त्याच्या हातीं जपानचा इतिहास दिल्याचें सार्थक झालें. त्याच जपाननें १९१० सालीं कोरिया गिळला व पुढें तेथील शाळांतून कोरियन भाषा हुसकावून लावली, हेंही त्याच तासांत सांगावें, स्तुतिपाठ नको.

याहून मोठा धोका आमच्या अंगचाच आहे. बोरोबुदूर, अंगकोरवाट हीं नांवें निघतांच आमच्यांतील कित्येकांची छाती फुगते. रामायण आणि बुद्धाचा धर्म येथून तिकडे गेला, हें कोण नाकारतो? पण ते दगड घडविले जावा बेटावरील व कंबोडियांतील लोकांनीं, आणि त्यांत स्वतःचें असें पुष्कळ घातलें. आशियास आपला शागीर्द समजून शिकविणें हें मुळींच न शिकविण्याहून वाईट.

जून महिन्यांत शाळा उघडतील. ज्या हेडमास्तरांस हें पटत असेल त्यांनीं खात्याच्या सर्क्युलराची वाट न पाहतां आशियाचा एक मोठा नकाशा भिंतीस टांगावा, आणि पहिल्याच आठवड्यांत आरंभ करावा.