मंडळी आणि वाचन

नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. बोलणे कवितेवरून धर्माकडे वळले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली. टिळक ती वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले, आणि पुढे १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती मंडळीला तिचा सर्वांत मोठा कवी मिळाला, तो आधी एक वाचक होता म्हणून.

आज त्याच नागपुरात मराठी उपासनेला बसलेली मंडळी ‘उपासना-संगीत’ उघडून टिळकांची गायने तन्मयतेने गाते. परंतु गायनापलीकडचे टिळक, लक्ष्मीबाई, बाबा पदमनजी यांच्या पुस्तकांविषयी विचारावे, तर बहुधा मौनच पदरी येते. आम्हांस ही गोष्ट केवळ वाङ्मयीन उदासीनतेची वाटत नाही. वाचन सोडणारी मंडळी हळूहळू विचार करण्याचे कामही पाळकावर सोपवते, आणि ते पाळकाच्याही हिताचे नसते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : पवित्र शास्त्र हाती असताना इतर पुस्तकांची गरज काय? हा आक्षेप श्रद्धेतून येतो, म्हणून त्याला उत्तरही शास्त्रातूनच द्यावयास हवे. पौलाने अथेन्समध्ये भाषण केले तेव्हा त्याने ग्रीक कवींचा आधार घेतला. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तुरुंगातला हाच पौल आपला झगा मागवतो, आणि त्यासोबत पुस्तकेही मागवतो. शिवाय ज्याला आपण एक ग्रंथ म्हणतो ते स्वतःच एक ग्रंथालय आहे. ईयोबाचा वाद, गीतरत्नातील शृंगार, स्तोत्रांतील आक्रोश ही सारी समजायची तर काव्य वाचण्याची सवय असावी लागते. जो कविता वाचत नाही, तो स्तोत्रसंहिताही नियमावलीसारखी वाचण्याचा धोका असतो.

चांगले पुस्तक मंडळीला नेमके काय देते, हे ‘स्मृतिचित्रे’वरून स्पष्ट व्हावे. व्यासपीठावरून धर्मांतराची कथा सांगितली जाते ती सहसा एका क्षणाची असते : प्रकाश दिसला आणि आयुष्य पालटले. लक्ष्मीबाईंनी सांगितलेली कथा वर्षांची आहे. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांच्यावर जणू आकाश कोसळले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. मधल्या काळातील ताटातूट, सोवळ्याओवळ्याचा मनात मुरलेला संस्कार, तो सुटताना झालेली ओढाताण, हे सारे त्यांनी लपवले नाही. ज्या कवीची गायने मंडळी भक्तिभावाने गाते, त्याचा तापटपणा आणि संसारातील बेफिकिरीही त्यांनी मिस्कीलपणे आणि मायेने मांडली. असे पुस्तक एकत्र वाचणारी मंडळी दोन गोष्टी शिकते : श्रद्धेला वेळ लागतो, आणि संत म्हणून पूजलेला माणूसही घरात माणूसच असतो. ज्या मंडळीत प्रत्येकाने आपली साक्ष निर्दोषच सांगावी अशी अपेक्षा असते, तिथे हे शिकणे फार मोलाचे आहे.

नागपूरला या बाबतीत स्वतःचा वारसा आहे. १८४५ मध्ये येथे आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी धर्मकार्याबरोबरच येथील खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांची गीते टिपून ठेवली. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून शहरात उभे आहे. १९३३ मध्ये येथेच भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी लक्ष्मीबाई टिळक होत्या. विवाहापूर्वी अक्षरओळख नसलेली स्त्री साहित्यसंमेलनाची अध्यक्ष होते, याहून वाचनाचे मोठे प्रमाण कोणते द्यावे?

दोष केवळ मंडळीचा आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मराठीच्या वर्गांत ‘स्मृतिचित्रे’ शिकवले जाते ते खेळकर गृहकथा म्हणून. १८५७ चे ‘यमुनापर्यटन’ पहिल्या कादंबरीच्या मानापुरते उरते, आणि ‘ख्रिस्तपुराणा’तील मराठीची स्तुती तेवढी उद्धृत होते. या ग्रंथांतील धर्मविचार ओलांडून पुढे जाणे अध्यापकांना सोयीचे वाटते. एकीकडे श्रद्धा आहे पण पुस्तक नाही, दुसरीकडे पुस्तक आहे पण श्रद्धेच्या प्रश्नाला जागा नाही. दोन्हीकडे अर्धेच वाचन होते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. महिन्यातील एका रविवारी उपासनेनंतर अर्धा तास ‘स्मृतिचित्रे’मधील एक प्रकरण मोठ्याने वाचावे. इंग्रजी शाळांत शिकलेल्या ज्या मुलांना मराठी वाचताना अडखळायला होते, त्यांच्याकडूनच ते वाचून घ्यावे, आणि थोरांनी न रागावता ऐकावे. जवळच्या महाविद्यालयातील मराठीच्या अध्यापकाला, तो कोणत्याही धर्माचा असो, अधूनमधून बोलवावे. पाळकाने त्या अर्ध्या तासात श्रोत्यांत बसावे. मंडळीतून प्रश्न येऊ लागतील, काही अवघडही असतील. ते आले की वाचन सुरू झाले असे समजावे.