ब्रँडची अब्रू आणि बाळाचं दुखणं

जनुकाला काय नाव द्यावं हा शास्त्रज्ञांचा घरगुती मामला आहे, असं मानलं जातं. मला ते मान्य नाही. जे नाव उद्या एखाद्या आईबापाच्या कानावर पडणार आहे, ते एकट्या प्रयोगशाळेचं राहत नाही.

1980 मध्ये न्युसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस या संशोधकांनी फळमाशीतल्या एका जनुकाला 'हेजहॉग' म्हटलं. ते बिघडलं की माशीच्या अळीवर काट्यांचं रान माजतं, म्हणून त्या काटेरी प्राण्याचं नाव. माशीची काही तक्रार नव्हती. 1993 मध्ये कणा असलेल्या प्राण्यांत या जनुकाची भावंडं सापडली. त्यांतल्या दोघांना हेजहॉगच्या खऱ्या जातींची नावं मिळाली, तिसऱ्याला व्हिडिओ गेममधल्या निळ्या नायकाचं: 'सॉनिक हेजहॉग'.

हेच जनुक माणसातही आहे. गर्भाच्या मेंदूचे दोन भाग वेगळे होण्यात आणि चेहऱ्याच्या घडणीत त्याचा वाटा असतो. त्यात बिघाड झाला तर होलोप्रोसेन्सेफली होऊ शकते. मेंदू नीट दुभागत नाही. आजार तीव्र असेल तर बाळ जन्माआधीच किंवा जन्मल्यावर थोड्याच काळात दगावतं. अशा बाळाच्या आईला काय सांगायचं? तुमच्या लेकराचं 'सॉनिक' बिघडलंय?

यावर बचाव ठरलेले आहेत. पहिला, डॉक्टर 'एसएचएच' एवढीच अक्षरं सांगतील. सांगोत. रिपोर्ट घेऊन घरी आलेला बाप रात्री तीच अक्षरं मोबाइलवर शोधतो, तेव्हा त्याच्यासमोर काय येतं?

दुसरा, विनोदामुळे रूक्ष शास्त्र हलकं होतं. विनोदाचं मला वावडं नाही. जपानी संशोधकांनी 2008 मध्ये डोळ्याच्या पडद्यातल्या एका प्रथिनाला पिकाचूवरून 'पिकाचुरिन' म्हटलं, त्याचं मलाही हसू आलं. पण ज्या नावाखाली बाळं दगावतात, तिथे हसणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे बघायला नको?

तिसरा बचाव सर्वांत पोकळ आहे: रुळलेलं नाव आता बदलता येत नाही. 2005 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी कर्करोगाला चालना देणाऱ्या जनुकाला 'पोकेमॉन' म्हटलं. पोकेमॉनमुळे कॅन्सर, असे मथळे झळकले. कंपनीने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि वर्ष संपायच्या आत नाव बदलून रूक्ष 'झेडबीटीबी-7' झालं. म्हणजे नाव बदलता येतं. फक्त मागणाऱ्यापाशी वकील हवा. ब्रँडची अब्रू वर्षभरात वाचली. दुखणाईत बाळाच्या घरी वकील नव्हता, म्हणून 'सॉनिक' आजही जनुकाच्या अधिकृत नावात आहे. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने 'लुनॅटिक फ्रिंज' हे नाव मात्र अधिकृत यादीतून हटवलं. मग इथेच हात का अडतो?

आमच्याकडे बाळाचं नाव अर्थ पाहून ठेवतात. हदीसमध्ये हज्न नावाच्या माणसाचा प्रसंग आहे. हज्न म्हणजे खडबडीत, कठीण. पैगंबरांनी त्याला 'सहल', म्हणजे सोपा, हे नाव सुचवलं. वडिलांनी ठेवलेलं नाव बदलणार नाही, असं तो म्हणाला. पुढे त्याच्या नातवाने सांगितलं, तो कठोरपणा आमच्या घराण्यात राहूनच गेला.

नाव ठेवणाऱ्याचा मान राखायचा म्हणून ऐकणाऱ्याच्या जखमेकडे पाठ फिरवायची, हाही कठोरपणाच. माझं मागणं मोठं नाही. आजारी बाळाच्या पाळण्याशेजारी उभं राहून जे नाव उच्चारवत नाही, ते माणसाच्या जनुकाला असू नये. आणि असेल तर ते बदलायला वकिलाच्या नोटिशीची वाट बघू नये.